नाताळच्या कार्डांवरील चित्रें : एक तपासणी

आमच्या पुण्याच्या घरीं एका पत्र्याच्या डब्यांत नाताळचीं कार्डें सांठविलेलीं आहेत. घर ख्रिस्ती नव्हे. परंतु आजोबांचे एक सहाध्यायी विद्याभ्यासासाठीं इंग्लंडांत गेले ते तेथेंच राहिले, आणि दर डिसेंबरांत त्यांचें एक कार्ड न चुकतां येई. पुढें शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचीं, आजोबांच्या विद्यार्थ्यांचीं व परदेशीं गेलेल्या आप्तांचीं कार्डें त्यांत पडत गेलीं. अलीकडे शुभेच्छा मोबाइलवर येऊं लागल्या आणि डब्यांत भर पडणें थांबलें. दप्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर हा रुमाल आतां पुरा झाला असून त्याची यादी करण्यास हरकत नाहीं. ती करीत असतां माझ्याच दोन चुका ध्यानांत आल्या, आणि कार्डांवरील चित्रें पुरावा म्हणून कशीं वाचावींत याविषयीं कांहीं विचार सुचले. ते प्रस्तुत लेखांत संग्राहकांपुढें ठेवीत आहें.

सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या वाचकांस हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. छापील वस्तु, तीहि हजारांनीं निघालेली. तिला अस्सलपणा कोठला, असा आक्षेप येईल. त्यास पहिलें उत्तर असें कीं, या प्रघाताचा प्रवर्तक स्वतःच दप्तरखान्यांतला मनुष्य होता. हेन्री कोल (१८०८–१८८२) हा तरुणपणीं इंग्लंडच्या रेकॉर्ड कमिशनांत नोकर होता. तेथील जुने कागद ओल, कचरा व उंदीर यांच्या तोंडीं पडले आहेत, हें त्यानें निर्भीडपणें उघडकीस आणलें. १८३६ सालीं पार्लमेंटच्या समितीपुढें ही दुर्दशा मांडली गेली, तेव्हां कागदांत सांपडलेला एक मेलेला उंदीरच पुराव्यादाखल दाखविण्यांत आला. तो लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्यें आजहि जतन केलेला आहे. १८३८ सालीं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्थापन झालें व पुढें कोल तेथें असिस्टंट कीपर झाला. रोलंड हिल यानें चालविलेल्या स्वस्त टपालाच्या चळवळींतहि त्यानें हिरीरीनें भाग घेतला. १० जानेवारी १८४० पासून एका पेनींत देशभर पत्र जाऊं लागलें. साऊथ केन्सिंग्टन म्यूझियम, म्हणजे आजचें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम, याचा पहिला संचालकहि तोच. दप्तर, टपाल व वस्तुसंग्रह या तिहींचा योग ज्याच्या एका आयुष्यांत आला, त्याच्याच खटपटीनें नाताळचें पहिलें छापील कार्ड निघालें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१८४३ च्या नाताळासाठीं कोलनें आपला मित्र चित्रकार जॉन कॅल्कॉट हॉर्स्ली (१८१७–१९०३) याजकडून हें कार्ड काढवून घेतलें. शिळाछापावर सुमारें हजार प्रती निघाल्या व त्यांवर हातानें रंग भरण्यांत आले. कोलच्या गरजेपुरत्या प्रती ठेवून बाकीच्या एक शिलिंग किंमतीस विक्रीस ठेवल्या. एक शिलिंग म्हणजे बारा पेनी. अर्थात् बारा पत्रांचें टपालहंशील एका कार्डास पडे. तेव्हां हें कार्ड गोरगरिबांच्या हातीं जाण्यासाठीं काढलेलें नव्हतें, हें उघड आहे. आज त्याच्या फारच थोड्या प्रती उरल्या असून २००१ सालीं एका लिलावांत एका प्रतीस २० हजार पौंडांहून अधिक किंमत आली.

या कार्डाचें चित्र बारकाईनें पाहण्यासारखें आहे. वेलींनीं गुंफलेल्या लांकडी चौकटीनें त्याचे तीन भाग पाडले आहेत. मध्यभागीं मेजाभोंवतीं एका कुटुंबाच्या तीन पिढ्या बसल्या असून मोठ्यांच्या हातांत मद्याचे पेले आहेत. एका लहान मुलाच्या ओठांसहि पेला लावलेला आहे. एका बाजूस भुकेल्यांस अन्न दिलें जात आहे, दुसऱ्या बाजूस उघड्यांस वस्त्र पांघरलें जात आहे. ज्यास पाठवावयाचें त्याचें व पाठविणाराचें नांव हातानें भरण्यास जागा कोरी ठेवली आहे. मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांनीं त्या पेल्यांवर, विशेषतः मुलाच्या पेल्यावर, टीकेचा भडिमार केला. सण ख्रिस्तजन्माचा असून चित्रांत गव्हाण नाहीं, मेंढपाळ नाहींत, तारा नाहीं, असाहि दोष या कार्डास दिला जातो.

पैकीं दुसरा आक्षेप मला बरोबर वाटत नाहीं. भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र हीं दोन्ही कृत्यें मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत सांगितलेलीं आहेत, आणि बायबलच्या परिचयांत वाढलेल्या इंग्रज वाचकास तीं ओळखण्यास टीपेची गरज नव्हती. धर्म चित्रांतून गेलेला नाहीं. तो प्रसंगाच्या रूपानें न येतां आचाराच्या रूपानें आला आहे. खरा दोष मांडणींत आहे. मेजावरच्या मंडळींची दृष्टि चौकटीबाहेर, कार्ड हातीं धरणाराकडे लागलेली आहे. त्याच्या नांवानें ते पेले उचलीत आहेत. शेजारीं भुकेला उभा आहे त्याकडे त्यांचें लक्ष नाहीं. चौकट त्या दोघांस एका कागदावर आणते आणि वेगळेंहि ठेवते. त्या काळच्या सुखवस्तु इंग्रज घराचें याहून प्रामाणिक चित्र मिळणें कठीण. हॉर्स्लीच्या मनांत ही टीका असेल असें मी म्हणत नाहीं. पण चित्र बोलतें तें चित्रकाराला विचारूनच बोलतें असें नाहीं.

संशोधकास याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मध्यभागींचें कुटुंब वाचकाकडे पाहून पेला उचलतें, म्हणजे काय करतें? जुन्या पत्रांत मायना जें काम करतो तेंच करतें. ‘राजश्री’, ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’ या शब्दांनीं पत्र लिहिणारा वाचणाराशीं आपलें नातें आरंभींच प्रस्थापित करतो, मग मजकूर येतो. कार्डाचें चित्र हा छापून विकत घेतलेला मायना आहे. मायना पाहून कोणी त्या दिवसाची हकीकत सांगत नाहीं; कोण कोणास कोणत्या नात्यानें लिहितो, एवढेंच त्यावरून ठरवितां येतें. कार्डाच्या चित्रावरूनहि तितकेंच ठरवावें. हकीकत शोधावयाची ती कोऱ्या जागेंत हातानें लिहिलेल्या अक्षरांत, टपालाच्या शिक्क्यांत व पाकिटावरील पत्त्यांत.

हस्ताक्षराची चिकित्सा येथेंहि कशी लागते याचें उदाहरण विल्यम मॉ एग्ली याच्या कार्डांत आहे. ताम्रपटावर कोरून छापलेल्या या कार्डाची प्रत ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत मेजवानी, नृत्य, बर्फावरील घसरखेळ, गरिबांस दानधर्म असे प्रसंग लहान लहान कोनाड्यांत बसविले आहेत. कोरलेल्या सालाचा शेवटचा अंक स्पष्ट नसल्यामुळें कित्येकांनीं तें १८४२ असें वाचलें, आणि पहिलेपणाचा मान हॉर्स्लीकडून काढून एग्लीस दिला. आज तें साल १८४८ मानलें जातें. एका अंकाच्या वळणावर अग्रक्रम फिरतो, हा अनुभव आपल्याकडील ताम्रपट व शिलालेख वाचणारांस नवा नाहीं.

आतां माझ्या पहिल्या चुकीकडे वळतों. डब्यांतील एका कार्डावर बर्फांतून धांवणारी चार घोड्यांची टपालगाडी आहे. गाडीवानानें तुतारी तोंडाला लावली आहे. कागदहि पिंवळा पडलेला. मीं तें सर्वांत जुनें ठरवून यादींत वर घातलें. पुढें कार्ड उलटून पाहिलें तों पाठीवर आजोबांच्या अक्षरांत पावल्याची व उत्तर पाठविल्याची तारीख होती, साल १९५६. घोड्यांच्या टपालगाड्या लंडनहून सुटण्याचें १८४६ पर्यंतच संपलें होतें. टपाल तोंवर आगगाडीनें जाऊं लागलें होतें. म्हणजे जी गाडी बंद पडून शंभरांवर वर्षें झालीं होतीं, तिच्या चित्रावरून मीं कार्डाचा काळ ठरवीत होतों. उलट अनुमान अधिक खरें : गाडी रस्त्यावरून गेल्यावरच ती कार्डावर आली. जें नित्याचें असतें त्याचें चित्र सणाला कोणी धाडीत नाहीं. जें हरपलें त्याचेंच धाडतात.

रॉबिन पक्ष्याची कथा अशीच आहे. तांबड्या छातीचा हा लहानसा पक्षी इंग्रजी कार्डांवर इतका रुळला आहे कीं, कित्येकांस तो ख्रिस्तकथेंतलाच वाटतो. त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण टपालखात्यांत सांपडतें. ब्रिटिश टपालवाल्यांचा डगला लाल असे, म्हणून लोक त्यांस थट्टेनें रॉबिन म्हणत. चोंचींत पाकीट धरून दाराशीं आलेला रॉबिन हा त्या टपालवाल्याचाच अवतार होय. १८६१ च्या सुमारास लाल डगला जाऊन निळा आला. कार्डांवरचा पक्षी मात्र आपली तांबडी छाती मिरवीत राहिला. तेव्हां रॉबिन दिसला म्हणून कार्ड लाल डगल्याच्या काळांतलें ठरत नाहीं. चित्रविषयावरून मिळतो तो फार तर वरचा टप्पा. त्याअगोदर तें निघालें नसावें एवढेंच म्हणतां येतें.

बर्फाविषयींहि सावधपणें बोलावें. चार्ल्स डिकन्सची ‘ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १९ डिसेंबर १८४३ रोजीं, म्हणजे हॉर्स्लीच्या कार्डाच्याच महिन्यांत, प्रसिद्ध झाली. डिकन्सचें बालपण असाधारण थंडीच्या वर्षांत गेलें. लंडनची थेम्स नदी गोठून तिजवर शेवटची जत्रा भरली ती १८१४ सालीं, तेव्हां तो दोन वर्षांचा होता. पुढें हिंवाळे सौम्य झाले, पण चित्रांतलें बर्फ वितळलें नाहीं. आमच्या डब्यांत पुण्यांतल्या पुण्यांत पाठविलेलीं जीं कार्डें आहेत त्यांवरहि बर्फच आहे. पाठविणारानें तें कधीं पाहिलेलें नव्हतें, घेणारानेंहि नव्हतें. पण ‘हें कार्ड नाताळचें’ एवढें सांगण्यास तें पुरेसें होतें. मायना वापरणारानें त्यांतील प्रत्येक विशेषण तोलून पाहिलेलें असतेंच असें नाहीं.

व्हिक्टोरियाकालीन कार्डांचा मोठा भाग तर ना बर्फाचा ना गव्हाणीचा. गुलाब, वसंतांतलीं फुलें, गुबगुबीत मुलें, मांजरें, समुद्रकांठ असे विषय त्यांवर सर्रास आढळतात. याचें कारण छापखान्यांत आहे. रंगीत शिळाछापास प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागे. खर्चानें तयार केलेलें चित्र एकाच सणासाठीं वापरून टाकणें परवडत नसे. म्हणून तेंच चित्र, खालचा मजकूर बदलून, वाढदिवसास, व्हॅलेंटाइनच्या दिवशीं व नाताळांतहि विकलें जाई. १८७० पासून अर्ध्या पेनीचें पोस्टकार्ड निघालें, टपाल आणखी स्वस्त झालें, आणि मार्कस वॉर्ड, राफाएल टक यांसारख्या मुद्रकांचा धंदा भरभराटीस आला. केट ग्रीनअवेसारख्या चित्रकर्तीनें आरंभीं मार्कस वॉर्डसाठीं कार्डें काढलीं. अमेरिकेंत बोस्टनच्या लुई प्रँगनें १८८० सालीं कार्डांच्या चित्रांसाठीं बक्षिसांची स्पर्धाच लावली. कलेच्या दृष्टीनें यांत उत्तम कामहि आहे व टाकाऊहि. पण गुलाबाचें चित्र पाहून पाठविणाराच्या मनांत वसंताचा कांहीं संकेत होता, असा तर्क करणें हें दगडावरच्या रंगास मनांतला भाव समजण्यासारखें आहे.

विसाव्या शतकांत जुन्या चित्रकारांच्या कृति कार्डांवर येऊं लागल्या. आमच्या डब्यांतील असें एक कार्ड बोटिचेलीच्या ख्रिस्तजन्माच्या चित्राचें आहे. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. मूळांत सर्वांत वर ग्रीक भाषेंत तीन ओळींचा लेख असून त्यांत १५०० या सालाचा, इटलींतील त्या वेळच्या संकटांचा व चित्रकाराच्या नांवाचा उल्लेख आहे. बोटिचेलीनें स्वतःच्या सहीनें अंकित केलेलें हें एकच उपलब्ध चित्र होय. आमच्या कार्डावर रिंगण धरून नाचणारे देवदूत आहेत; वरचा लेख मात्र छापतांना कापून टाकला आहे. चित्र मोहक राहिलें, पण ज्या भीतींतून तें निघालें तिचा मागमूस राहिला नाहीं. लेख गेला म्हणजे काय जातें हें दाखविण्यास याहून दुसरें उदाहरण नको.

या परक्या चित्रांत आपल्याकडचें एक कार्ड वेगळें दिसतें. शेजारच्या कुटुंबानें दिलेल्या या कार्डावर मरीया साडी नेसून जमिनीवर बसली आहे. जवळ समई तेवत आहे. ‘नाताळ’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. सणाचें नांव कोंकणच्या किनाऱ्यावर शतकांपूर्वीं रुळलें, पण त्याच्या चित्रास इकडचा वेष मिळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोव्याच्या चित्रकारानें अवनींद्रनाथ ठाकूर यांजपाशीं शिक्षण घेतलें, आणि साडींतली मरीया काढल्याबद्दल गोव्यांत टीका सोसून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत राहून पुष्कळ काम केलें. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेंत आहे. आमच्या कार्डाचें वळण त्याच्या चित्रांचें आहे. परंतु सही नाहीं, म्हणून यादींत मीं त्याचें नांव घातलेलें नाहीं. तरी या कार्डाचें मोल दुसऱ्याच कारणानें अधिक. पाठीवर शेजारच्या बाईंनीं मराठींत लिहिलें आहे कीं, करंज्या उद्यां पाठवितें. बर्फाच्या सगळ्या कार्डांत मिळून त्या घराविषयीं जेवढें कळत नाहीं तेवढें या एका ओळींत कळतें.

मायना म्हणून चित्र वापरण्याची रीति आपणांसहि अपरिचित नाहीं. संक्रांतीस लहानशा छापील कार्डांत हलव्याचे चार दाणे घालून तीं परगांवीं धाडण्याची चाल महाराष्ट्रांत घरोघर होती. तेथेंहि चित्र कळसाचें असो कीं फुलांचें, काम दाण्यांचें व सहीचें. युनिसेफच्या पहिल्या कार्डाची हकीकत याच दृष्टीनें बोधप्रद आहे. युद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल चेकोस्लोव्हाकियांतील सात वर्षांच्या एका मुलीनें आभाराचें चित्र काढून पाठविलें. तेंच १९४९ सालीं युनिसेफनें कार्ड म्हणून छापलें. त्यांत खांबाभोंवतीं फेर धरणारीं मुलें आहेत. गव्हाणहि नाहीं, बर्फहि नाहीं. मूळांत तें कोणीतरी कोणास तरी लिहिलेलें पत्रच होतें, आणि म्हणूनच मला तें इतर पुष्कळ कार्डांहून श्रेष्ठ वाटतें.

आतां दुसरी चूक. ती अधिक जुनी व अधिक मोठी आहे. इंग्लंडांत व्हिक्टोरियाच्या काळीं कार्डें चिकटवहींत लावण्याचा छंद होता. त्यामुळें लक्षावधि चित्रें वांचलीं, आणि तितक्याच पाठी खळीखालीं गेल्या. जोनाथन किंग या लंडनच्या संग्राहकाचीं अशीं सुमारें ७०० बाडें होतीं. १८९४ च्या सुमारास ग्लीसन व्हाइट यानें या कार्डांवर पहिला साक्षेपी अभ्यास लिहिला तो तीं पाहून. चित्रकारांच्या व मुद्रकांच्या इतिहासास हे संग्रह अमोल आहेत. कोणी कोणास काय लिहिलें याविषयीं मात्र ते बहुधा मुके आहेत. आम्ही मुलांनीं घरीं तेंच केलें. आजोबांच्या डब्यांतील कार्डें घेऊन मीं व भावंडांनीं कात्रीनें पक्षी, घंटा, गाड्या कापून एका वहींत चिकटविल्या. आजोबांनीं आम्हांस रागें भरल्याचें आठवत नाहीं. ते त्या सुमारास आणखी एका कार्डाची वाट पाहत होते, एवढें मात्र आठवतें.

तें सहाध्यायी-मित्राचें कार्ड होतें. ते पुढें आलें नाहीं. शेवटचें कोणत्या वर्षीं आलें, त्यावर त्यांनीं काय लिहिलें होतें, हात कांपत होता कीं नव्हता, आजोबांनीं पाठीवर उत्तराची तारीख घातली होती कीं ती जागा कोरीच राहिली, हें सर्व आमच्या कात्रीनें नाहींसें केलें. वहींत एक रॉबिन आहे. तो सुरेख आहे. रंगहि टवटवीत आहेत. पाण्यानें खळ सोडवून पाहिलें, तेव्हां मागें निळ्या शाईच्या एका अक्षराचा कांठ तेवढा दिसला.

यावरून संग्राहकांस विनंति अशी कीं, आपल्या घरीं असलेलीं कार्डें चित्राच्या जातवारीनें लावूं नयेत; पाठविणाराच्या नांवानें व आल्या तारखेच्या क्रमानें लावावींत. पाकीट वेगळें करूं नये, शिक्का कापूं नये, पाठीवर खळ लावूं नये. यादींत चित्रविषय, मुद्रक, छापील मजकूर, हातचा मजकूर, शिक्का व पाठीवरील शेरा असे स्वतंत्र रकाने असावेत. आणि काळ ठरवितांना चित्राची साक्ष सर्वांत शेवटीं घ्यावी. पोथीचें चित्रित पान फाडून विकणारास आपण दोष देतों. कार्डांतून पक्षी कापणारें मूल त्याहून निरपराध खरें. पण नुकसान त्याच जातीचें आहे, आणि तें भरून निघत नाहीं.